पाव फेरा

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! पंपहाऊसला चिकटून दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे ओटा, मागे नळ. बायकोने भिंतींचा रंग बघून नाक मुरडलं, पण दिवसभर पाणी असतं हे कळल्यावर खुलली. का नसणार? साऱ्या वस्तीचं पाणी आमच्याच पंपावरून टाकीत चढतं. चिमणीने, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या कन्येने, ओट्यावरून उड्या मारून गुडघा फोडूनही घेतला.

साहेबांनी मला फिटर म्हणून घेतलं ते एकाच कामासाठी. पंपाच्या शाफ्टवरची पट्ट्याची पुली सारखी ढिली होते. मला हसूच आलं. एका पुलीसाठी माणूस ठेवतात!

५ फेब्रुवारी
पुली उतरवली. शाफ्टच्या खाचेतली चावी, म्हणजे पुलीला शाफ्टशी अडकवणारी लोखंडी पट्टी, झिजली होती, नवी घासून ठोकून बसवली. वरून नवा स्क्रू, मुठीत जोर आणून आवळला.

इथले जुने ऑपरेटर, सगळे त्यांना काकाच म्हणतात, शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, शेवटचा पाव फेरा सोडा. इथे तशीच रीत आहे म्हणे. पाव फेरा ढिलं ठेवायचं, आणि रोज सकाळी सुटलेली पुली गुपचूप पुन्हा बसवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, इथे काही ना काही सुटतंच, पुली सुटते तोवर बाकीचं धड राहतं. म्हातारा बोलण्यात पटाईत आहे. कामाच्या नावाने मात्र बोंब.

६ फेब्रुवारी
सकाळी पुली ढिली! चावी खाली फरशीवर, आणि स्क्रू तिच्या शेजारी उभा, कुणी हाताने ठेवावा तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांना नको नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले की मी हात लावलेला नाही.

८ फेब्रुवारी
काल पट्ट्याच्या जाळीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. शाफ्टला भोक पाडून स्क्रूचं टोक आत बसवलं, त्यावर दुसरा स्क्रू. तरी आज ढिली. दुपारपर्यंत पाणी नाही. बाया हंडे घेऊन दारात, आणि एकेकीची जीभ अशी की विचारू नका. मी बाहेरचा राग घरात काढला. चिमणी माझ्यासमोर यायलाही घाबरली. बायको म्हणाली, लोखंडाशी कसलं भांडण मांडलंय? लोखंडाशी नाही, त्या म्हाताऱ्याशी!

९ फेब्रुवारी
वेल्डिंग मारलं. पुली शाफ्टला कायमची जोडून टाकली. आता सुटून दाखव म्हणावं!

काकांनी माझा हात धरला, रडले. म्हणाले, सुटायला जागा ठेवा, लेकराबाळांचं घर आहे तुमचं. चिमणीचं नाव मध्ये आणलं तसं माझं डोकंच फिरलं. ढकलून दिलं आणि सांगितलं, उद्यापासून तोंड दाखवू नका. वेल्ड मात्र असा देखणा आलाय की बघत राहावं.

१० फेब्रुवारी
दिवसभर पंप झकास. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी क्वार्टरचं दार बिजागरीतून निखळून बायकोच्या अंगावर आलं. थोडक्यात वाचली. कुणी बसवलं होतं काय माहीत, सगळी कामं अर्धवट.

११ फेब्रुवारी
नळाची मूठ हातात आली. खाटेचे नट खाली. चष्म्याची काडी सुटली. दिवसभर पाना घेऊन फिरतोय, आवळतोय, पाठ वळली की पुन्हा ढिलं. समोरच्याच्या सायकलचं चाक चालता चालता निघालं. त्याने मलाच शिव्या घातल्या, मीही सोडलं नाही.

१२ फेब्रुवारी
जेवताना बायकोची दाढ पडली. मुळासकट. रक्त नाही, दुखलं नाही.

चिमणीला दंडाला धरून उचललं आणि तिचा हात खांद्यातून सुटला. डॉक्टरांनी बसवला. दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा सुटला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, पोरीला ओढता कसे म्हणून. मी ओढलं नाही हो! नुसतं उचललं.

१३ फेब्रुवारी
काकांकडे गेलो. दार नव्हतंच, फळी टेकवून ठेवलेली. काका जमिनीवर, जबडा फडक्याने डोक्याला बांधलेला. बोलता येईना. मी पाया पडलो. त्यांनी खुणेने सांगितलं — तोडा. वेल्ड तोडा.

दुपार — पंपाचं इंजिन बंद केलं, तरी सुटणं थांबलं नाही. छन्नी लावली, हातोडीचा माथाच उडाला, भिंतीत बसला. दुसरी हातोडी, तेच. ग्राइंडरची चकती सुटून गेली. करवतीचं पातं टिकत नाही. हत्यार म्हणून जे हातात घेतो त्याचे दोन तुकडे होतात. वेल्डवर ओरखडा नाही. आग लागो माझ्या कारागिरीला!

१४ फेब्रुवारी
उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत. पेन्सिल टेपने बांधलीय.

चिमणी म्हणते, बाबा, मान हलते. सकाळपासून बायकोने तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलंय. खाली ठेवता येत नाही — पोर रडतही नाही, रडलं की हलते म्हणून —

कुणी आलं तर पुली तोडा. आधी पुली. आमच्याकडे नंतर बघा. लांबून आणलेलं हत्यार, इथलं नको —

दगडाने मारतोय. दगड फुटले. अख्ख्या वस्तीत तेवढं एकच पक्कं. माझंच. मेल्या, कुणी सांगितलं होतं इतकं —

डावा हातही —

बायको हाक मारतेय. मनगटं सुटली तिची. अहो, आधी हिची मान धरा म्हणतेय, धरा ना — धरतो, आलो, पण कशाने धरू — कशाने —