'बघतो' म्हणायची शिकवणी

चि. भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमचा गुडघा आता वाकतो का ते आधी कळवा. देवाच्या दयेने इकडे सगळे उभे आहेत, फक्त तुमचे दादा बसलेले असतात. रुग्णालयाच्या भांडारातली चादरींची नोंदवही घेऊन, जेवणाच्या टेबलावर. (आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो.) डॉक्टरांनी रक्तदाब मोजून बजावलंय, काम असंच घरी नेत राहिलात तर पुढच्या वेळी चादरी मोजायला नाही, चादरीवर निजायला याल.

गेल्या महिन्यात ह्यांच्या रुग्णालयात शिबिर झालं, 'राबू नका, डोकं वापरा'. बाकीचे कारकून तीन दिवस पंख्याखाली बसून डोकं वापरायला शिकले. ह्यांनी खुर्च्या मांडल्या, कप मोजले आणि शिबिराचा अहवाल लिहायला घरी आणला. अठ्ठावीस पानं.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण म्हटलं आता शिकवणी आपणच घ्यावी. 'नाही' म्हणवत नाही ना, मग 'बघतो' म्हणा. सगळं जग म्हणतं. रोज देवापुढे दहा वेळा म्हणवून घेतलं. (देवालाही पाठ झालं असेल.) लगेच कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या 'आजारी'ने (हे टोपणनाव, तब्येत ठणठणीत) उशांच्या अभ्र्यांची वही पुढे सरकवली. हे म्हणाले, "बघतो." आणि भाऊजी, ह्यांनी ती बघितली. पहिल्या पानापासून. आता साहेब सगळ्यांना सांगतात, हा माणूस बघतो म्हणाला की खरंच बघतो. म्हणून टॉवेलही ह्यांच्याच गळ्यात. मी म्हटलं, "अहो, बघतो म्हणजे बघायचं नसतं." तर मलाच विचारतात, "मग बघतो कशाला म्हणायचं?" असल्या माणसापुढे शिबिरवाल्यांनी काय डोकं फोडायचं?

तुम्ही धाकटे असलात तरी तुमचं ऐकतात. आठ दिवस बोलावून घ्या. विश्रांतीला या असं मात्र लिहू नका, यायचे नाहीत. माळा आवरायचाय म्हणा, आणि आल्यावर माळ्याला कुलूप घाला.

आपली,
वहिनी

ता. क. वह्या बरोबर आणतो म्हणतील. आणू देऊ नका.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे वह्या मलाच इथे हव्या आहेत. अभ्र्यांच्या बेरजेत सतरा नग कमी येतात आणि जपाला बसलं तरी ओठांवर सतराच येतं. हे समोर असले की मध्ये बोट घालतात, मग मला पान पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. आठाचे दहा दिवस झाले तरी चालेल, टॉवेलही उरकतील. त्यांना यातलं काही बोलू नका. मी काढलेल्या आधीच्या चुका आपणच काढल्या असं त्यांना वाटतं, आणि रक्तदाबाला तेवढं समाधान लागतंच.