बदली येईपर्यंत

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. रत्नागिरीहून निघालेल्या एसटीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कशीबशी एक सीट मिळाली, तर ओमकारनं मला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. "तुम्ही बसा बाबा, मी उभा राहतो." फौजेत लागल्यापासून चिरंजीवांचं हे एकच पालुपद. दवाखाना असो नाहीतर देऊळ, बाप बसणार आणि हा उभा. मीही हवालदार म्हणून निवृत्त झालोय, हे तो सोयीनं विसरतो. पण गुडघे कुरकुरतात, म्हणून गुमान बसलो.

जागा बघून जीव खूश झाला. पूर्णगडच्या अलीकडं उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पिवळं पडत चाललेलं गवत, खाली खाडी. माजी सैनिकांचं हे स्मशान मी राखायचं. राहायला चिऱ्याची खोली आहे, विहिरीला पाणी आहे. समितीचे चिटणीस अण्णा इथलेच बागायतदार. त्यांनी किल्ल्या दिल्या, चहा पाजला. बायको गेल्यापासून साताऱ्याकडचं घर खायला उठायचं. इथं निदान सोबतीला आपली माणसं आहेत, जमिनीखाली का असेनात. ओमकार दुपारच्या गाडीनं परत गेला. रजा संपायच्या आत पुन्हा येऊन जातो म्हणाला.

५ नोव्हेंबर
अण्णांनी सगळं फिरून दाखवलं. एकोणीसशे अठराच्या साथीत, भर पावसात, या भागातले पेन्शनर शिपाई भराभर गेले. सरणाला सुकं लाकूड मिळेना, म्हणून सड्यावर पुरले. पुढं त्यांच्या पलटणीतले जे जे म्हातारे झाले, ते घरच्यांना सांगू लागले की आम्हालाही तिकडंच न्या, सोबत्यांजवळ. जांभा खोदायचा म्हणजे खायचं काम नाही, पण लोकांनी खोदला. सगळे दगड एका उंचीचे. सुभेदार असो की शिपाई, दगडावर नाव, पलटण आणि साल. जात नाही, गाव नाही. हे मला फार आवडलं. पहिली रांग पार मागच्या गडग्याला, दगडी कुंपणाला लागून, आणि मग रांगा फाटकाकडं सरकत आलेल्या. शेवटचा दगड फाटकाजवळ: नाईक बाळा घवाळी, १९७४. त्यानंतर कुणी आलं नाही, कारण लोक आता दहनच करतात. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा तेवढी उरली आहे.

फाटकाशी पहाऱ्याची चौकी आहे, एक माणूस उभा राहील एवढीच. आतली फरशी दोन पावलांपुरती झिजून खोलगट झाली आहे. इथं पहारा कोण द्यायचं, असं मी विचारलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि उलट मलाच विचारलं, नोकरीत पहाऱ्यावर कधी डोळा लागला होता का? मुलाखतीतही हाच प्रश्न होता. मग हसत हसत, इथंच विसावायला आवडेल का म्हणाले. मी म्हटलं, जागा फुकट असेल तर का नको.

९ नोव्हेंबर
कुठंतरी पाणी मुरतंय. खालच्या वाडीतल्या यमुनाबाई, सत्तरीच्या असतील, रोज ऐन दुपारी सडा चढून येतात. चौकीच्या उंबऱ्यावर चहाचा पेला, भाकरी आणि विडी ठेवतात आणि आत न बघता माघारी फिरतात. इकडं जागेवाल्याला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, राखण म्हणून नैवेद्य देतात हे ऐकून होतो. पण चहा-विडी? आणि थोड्या वेळानं जाऊन बघावं तर पेला रिकामा, विडीचं थोटूक पडलेलं. कुणीतरी फुकट्या इथं दडून राहतोय आणि अण्णांना ते ठाऊक आहे.

दुकानात आणखी एक कळलं. माझ्या आधीचे राखणदार एक खलाशी आणि एक शिंपी. या खेपेला मात्र अण्णांनी माजी सैनिकच पाहिजे असा हट्ट धरला. का? आज यमुनाबाईंना आडवा गेलो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमी फौजी ना? मंग त्या चौकीत पाय ठेवू नका." खलाशानं ठेवलेला चालत होता वाटतं.

१२ नोव्हेंबर
खिडकीत बसून दुपारभर नजर ठेवली. यमुनाबाई आल्या, गेल्या. दुसरं चिटपाखरू नाही. तरी पेला रिकामा झाला.

चौकीजवळ गेलो तर ओळखीचा आवाज आला. फार वेळ उभा राहिलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो ना, तो. बुटाचा खिळा फरशीवर घासतो. मी आयुष्यभर ऐकलाय, माझी चूक होणार नाही. आत कुणी नव्हतं. मग कुणीतरी दमून श्वास सोडला, माझ्या कानाशी.

घाबरलो. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कीव जास्त आली. बदली न आलेल्या पहारेकऱ्याचे हाल फौजीलाच कळतात.

१३ नोव्हेंबर
राहवलं नाही. दुपारी चौकीत जाऊन उभा राहिलो. पावलं त्या खोलगट जागेत मापानं बसली. म्हटलं, "तू बस जवाना. मी थांबतो."

पाठीवर कुणीतरी पोतं ठेवावं तसं झालं. समोर बाळा नाईकच्या कबरीवरचं गवत हळूहळू दबलं, कुणी आडवं झाल्यासारखं.

नेमक्या तेव्हाच पोचलेल्या यमुनाबाईंच्या हातातला पेला पडला. रडत रडत त्यांनी सगळं सांगितलं. इथं शेवटी आला तो पहाऱ्यावर, बदली येईपर्यंत. फौजीची बदली फौजीच करतो, तोंडानं "तू बस, मी थांबतो" म्हणून. आणि मग त्याचं काही खरं नाही. फौजी आणा असं अण्णांना त्यांनीच विनवलं होतं, पण मला बघितल्यावर मन धजेना.
"त्यो माजा बापूस," त्या म्हणाल्या. "आज बसला."

राग यायला हवा होता. आला नाही.

१४ नोव्हेंबर
फाटकाबाहेर पाय पडत नाही. ओमकारला फोन लावला. इकडं येऊ नकोस, हे ओरडून सांगितलं. तो हॅलो हॅलो करत राहिला. नुसता वारा ऐकू येतोय म्हणाला.

१५ नोव्हेंबर
सकाळी अण्णा आले, खोलीचं दार ठोठावलं, मग माणसं बोलावून तोडलं. मी चौकीतून हाका मारल्या. कुणी वळून बघितलं नाही.
आतून बाजेवर कुणाला तरी आणलं. चादरीबाहेर पाय होते. माझे बूट—

दुपारी यमुनाबाईंनी चहा ठेवला. आत न बघता गेल्या.
मी विडी ओढत नाही. आज ओढली.

१६ नोव्हेंबर
जांभ्यावर खणायच्या पहारी वाजताहेत. माझ्यासाठीच. अण्णा फोनवर ओमकारला सांगत होते, वडिलांनी हसत हसत होकार दिला होता, सोबत्यांजवळ राहू द्या.
पाय फार दुखतात. बाळा नाईक, इतकी वर्षं तू कसा—
तो येणार. येऊ नये. पण कुणीतरी यावं.
नाही. हे खोडतो. येऊ नये.

१७ नोव्हेंबर
आला. गणवेशात. डोळे सुजलेत पोराचे.

माती झाली. सलामी दिली त्यानं. माणसं उतरून गेली, हा एकटाच मागं—

चौकी बघतोय. वाकून फरशीवर हात फिरवतोय. किती वेळ कोण उभं होतं इथं, असं पुटपुटतो. ओमकार, जा. यमुनाबाई सडा चढताहेत, हात हलवताहेत, लांब आहेत अजून—

आत आला. माझ्या शेजारी. त्याचा श्वास लागतोय मला.
तोंड दाबायला हात नेला. आरपार गेला.
नको रे. मी दमलो नाही. मी मुळीच दमलो नाही, पोरा, मला बसायचं नाही—

रडतोय. कबरीकडं बघून म्हणतोय, तुम्ही बसा बाबा, मी