रुबार्बचा मोसम

आंटी, मी सध्या मुलीकडे आले आहे, विलायतेत, तुझ्याच मुलुखात. तिचं घर तुझ्या गावापासून फार लांब नाही. तू वारून इतकी वर्षं झाली, आणि परवा इथल्या भाजीच्या दुकानात उभी असताना तुझ्याबद्दल मला जे कळलंय असं वाटत होतं, त्याचाच गुंता झाला. म्हणून लिहायला बसले.

तू भिवंडीत आलीस तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. ऐंशी साल उलटून गेलं होतं, आई नव्हती. अब्बा तुमच्याकडच्या लोकरीच्या गिरणीतली नोकरी सोडून आले, येताना तुला निकाह करून घेऊन आले आणि घराच्या तळमजल्यावर चार लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकले. अम्मी म्हण, असं ते सांगायचे. मी आंटीच म्हणत राहिले. भाषा तू फुफीकडून, अब्बांच्या बहिणीकडून, शिकलीस. फुफी आम्हाला तू म्हणायची, म्हणून तूही सगळ्यांना तू म्हणायचीस, मशिदीतल्या मौलवीसाहेबांनासुद्धा. लूमच्या खडखडाटाची तुला सवय होती, उकाड्याची नव्हती, पण तक्रार कधी ऐकली नाही. मागणं एकच, तुमच्याकडे परसात होणारं रुबार्ब. तुझ्या बहिणीने पाकिटातून बी पाठवलं. ते तू गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत पेरलंस. उन्हाळ्यात रोपं जळायची, तू पुन्हा पेरायचीस. ही भाजी की फळ, असं आम्ही विचारलं, तर म्हणालीस, भाजीच, पण साखर घालून खायची. फुफीला ते काही पटलं नाही.

एका हिवाळ्यात पानं चांगली रुंद झाली. शुक्रवार आहे, लूम बंद आहेत, घर कसं गप्प वाटतंय. तू बाजारात गेलेली आणि फुफीने पानं खुडून, अळूसारखी डाळ घालून शिजवलीत. तुला खूश करायचं तिच्या मनात होतं, हे मी बघितलंय. ताटं मांडलेली असताना तू येतेस, पातेल्यात डोकावतेस आणि ते उचलून सरळ मोरीत उलटं करतेस.

"पान विष हाय," तू म्हणतेस. "देठ खातात. पान न्हाय."

फुफी उठून उभी राहते. "विष हाय त पोरांच्या घरात लावलंस कशाला?"

तू माझ्याकडे बघतेस, जणू मी काही सांगावं. मला तर दोघींचंही खरं वाटत होतं. त्यानंतर फुफी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलली नाही. तू गच्चीच्या दाराला कुलूप लावलंस, पण झाडं काढली नाहीस.

उलट पुढच्या थंडीत तू मासळीबाजारातून बर्फ आणून डब्यांभोवती रचायला लागलीस. थंडी वाजल्याशिवाय ते झाड जागं होत नाही, असं काहीसं म्हणायचीस. शेवटी देठ आले, करंगळीएवढे, हिरवे. तू ते साखरेत शिजवलेस, वर कस्टर्ड घातलंस आणि पहिला चमचा खाऊन वाटी खाली ठेवलीस. अब्बांनी विचारलं, कसं झालंय. "बरं हाय," म्हणालीस आणि वाटी माझ्यापुढे सरकवलीस. पुढच्या वर्षी त्या डब्यांत मिरच्या होत्या. का, ते सांगितलं नाहीस.

मग अब्बा वारले. तुझ्या बहिणीने तिकीट पाठवलं आणि तू मे महिन्यात गेलीस. मेम आता परत येत नाही, असं सगळा मोहल्ला धरून चालला होता. फुफीही तेच म्हणायची, पण रोज तुझी गादी झटकायची. तीन महिन्यांसाठी गेलेली तू जून सरायच्या आत दारात उभी, घामाने चिंब. फुफीने दार उघडलं.

"जेवलीस?"

"न्हाय."

तिने ताट वाढलं, तू जेवायला बसलीस. तिकडे रुबार्ब खाल्लंस का, असं मी विचारलं. मान वर न करता म्हणालीस, "सीझन नव्हता."

परवा त्या दुकानात लाल देठांच्या जुड्यांचा ढीग होता. दुकानदारीण पानं छाटून टाकत होती. पानं खायची नसतात, म्हणाली; तेवढं एक कोडं सुटलं. पण मे-जून हाच तर भर मोसम, लोक परसातलं काढून शेजाऱ्यांना वाटतात, असंही तिने सांगितलं. मग तू खोटं का बोललीस? खाल्लंस आणि तेही पहिल्यासारखं लागलं नाही? की खाल्लं तर पाय निघणार नाही म्हणून हातच लावला नाहीस? की बहिणीशी काही बिनसलं आणि खाण्यापिण्याची गोष्टच निघाली नाही?

तुझी बहीण अजून आहे. म्हातारी झालीय, पण सगळं लख्ख आठवतं तिला. दोनदा तिच्याकडे जाऊन चहा पिऊन आले. विचारलं तर सांगेल. मी विचारलं नाही. तू आमच्यासाठी परत आलीस, असं मी माझ्या मुलीला ती लहान असल्यापासून सांगत आलेय, आणि मला दुसरं काही ऐकायचं नाही.