पुरेशी जाड नाही!

३ ऑगस्ट

नापास! कशात? तर जाडीत!

सरकारी योजनेतून वजन उतरवायचं ऑपरेशन करून मिळतं. पण उंची आणि वजन मिळून एक आकडा काढतात, तो चाळीसच्या वर लागतो. माझा निघाला साडेअडतीस. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म परत सरकवला. “नियमात बसत नाही तुम्ही.” म्हटलं, बसच्या सीटवर बसत नाही ते पुरेसं नाही का? हसला नाही मेला.

आजवर सगळे म्हणाले, कमी कर. आज पहिल्यांदा कुणी म्हणालं, कमी पडताय!

४ ऑगस्ट

काल रागाच्या भरात मुद्द्याचं राहूनच गेलं. उजवा गुडघा कामातून गेलाय. हाडांचे डॉक्टर म्हणतात, आधी तीस किलो उतरवा, मग हात लावतो. मी काय प्रयत्न केले नाहीत? तीनदा बारा-बारा किलो उतरवले. तिन्ही वेळा सहकुटुंब सहपरिवार परत आले.

आणि काम सगळं उभ्याचं. गणवेशाच्या कारखान्यात कटिंगचं टेबल माझं. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, खडूने आखायचे, कटर फिरवायचा. एकोणीस वर्षांत माझा एक थर सरकलेला नाही. परवा मुकादम म्हणाले, “बाई, झेपत नसेल तर बटणांना बसा.”

बटणांना! मी! मरेन पण टेबल सोडणार नाही.

७ ऑगस्ट

घरात आनंदीआनंद. नवरा म्हणाला, “बरं झालं, सुटलो.” गुडघा माझा दुखतोय आणि सुटला हा! सासूबाई म्हणाल्या, “जरा तोंड आवरलंस ना, तर...” मी ताटावरून उठले.

१२ ऑगस्ट

फॉर्मच्या रांगेत ओळख झालेल्या मावशींचा फोन. युक्ती सांगत होत्या. वजनाच्या आधी पोटभर पाणी प्यायचं आणि कपड्यांच्या आत काहीतरी जड बांधायचं. “माझी भाची अशीच पास झाली गं!”

मला चार किलो हवेत. थर सरकू नयेत म्हणून कापडावर ठेवतो ती लोखंडी वजनं एकेक किलोची आहेत. आत चार खिसे शिवायला मला किती वेळ लागणार?

१३ ऑगस्ट

शिवले. अर्धा तास लागला.

१४ ऑगस्ट

उसवले. खरंखुरं एकशेएक किलो रोज वाहून नेते मी. वर लोखंडाची भर घालून पास व्हायचं? लाज वाटली. कारकुनाची नाही, माझीच.

२० ऑगस्ट

अरे देवा! अरे देवा!

कारखान्यात सगळ्यांना नवे ॲप्रन शिवायचेत. इस्त्रीवालीने माझं माप घेतलं. म्हणाली, “बाई, उंची एकशे सत्तावन्न.” म्हटलं, टेप नीट धर, एकशे बासष्ट आहे. तिने मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली, खडूने खूण केली. सत्तावन्न! मी स्वतः टेप लावून पाहिला. सत्तावन्नच!

जगाची मापं घेतली, स्वतःचं एकदाही घेतलं नाही. फॉर्मवर उंची विचारली होती, मी ठोकून दिली. मग हे बासष्ट आलं कुठून? आईला फोन लावला. “अगं, तुझं लग्न जमवताना सांगितलं होतं ना. मुलगा उंच होता. दोन इंच वाढवले. त्यात कुणाचं काय बिघडलं?”

माझं बिघडलं, आई! बावीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आले!

नवऱ्याला सांगितलं. “म्हणजे मला फसवलं!” असं म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग मीही हसले.

पण एकशेएक किलो आणि एकशे सत्तावन्न सेंटिमीटर म्हणजे एक्केचाळीसला जरासंच कमी! तीनदा हिशेब करून पाहिला.

२४ ऑगस्ट

कारकून म्हणाला, “उंची अशी कमी होत नाही, बाई. तुम्हीच लिहून दिलीय.”

“मग मोजा.”

“इथे मोजायची सोय नाही.”

मी पर्समधून टेप काढला. चपला काढल्या, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, मोजेपर्यंत हलणार नाही. रांग खोळंबली. शेवटी आतून मोठ्या नर्सबाई आल्या. त्यांनी मोजलं, पुन्हा वजन केलं, सही ठोकली. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. जाड ठरल्याबद्दल टाळी! घेतली मी.

११ सप्टेंबर

ऑपरेशनआधी त्यांचाही होकार लागतो म्हणून मनाच्या डॉक्टरांकडे चाळीस मिनिटं. “दुःख झालं की खाता?” म्हटलं, आनंद झाला तरी खाते, भेदभाव नाही. पास केलं.

३० सप्टेंबर

पंधरा दिवस नुसतं पातळ खाऊन दाखवायचं आहे. आज अकरावा. सूप हा शब्दही नको झालाय. तीन किलो उतरले आणि धसका बसला. आता पुन्हा चाळीसच्या खाली! नर्सबाईंना फोन केला. “नोंदणीच्या दिवसाचंच वजन धरतात हो, झोपा शांत.”

सासूबाई हल्ली माझ्यासमोर जेवत नाहीत. आत ओट्यापाशी उभ्यानेच उरकतात.

८ ऑक्टोबर

घरच्या एकाची सही लागते. ऑपरेशननंतर सहा आठवडे सांभाळू, अशी. नवरा आठवडाभर टाळत होता. आज धरलाच. तोंड फिरवून भांडी घासायला लागला. मग एकदम म्हणाला, “ऑपरेशनच्या टेबलावर तुला काही झालं तर मी काय करू?”

मी त्याला आळशी म्हणत होते. हा घाबरलाय!

म्हटलं, मीही घाबरलेय. पण बटणांना बसायची भीती जास्त आहे. ओल्या हातानेच सही केली त्याने. शाई पसरली. मला रडू आलं, मग राग आला, मग उरलेली भांडी मी घासली.

१७ नोव्हेंबर

मंजुरीचं पत्र आलं. नऊ डिसेंबर!

रजेचा अर्ज घेऊन मुकादमांकडे गेले. ते अर्ज हातात धरून बसले, वर बघेनात. म्हणाले, “डिसेंबरात कटिंगचं मशीन येतंय. आपोआप कापतं. तुमचं टेबल निघतंय, बाई.” मग अर्ज परत सरकवत, “आता ऑपरेशन कशाला करताय?”

मी पेन काढून अर्जावर ठेवलं. म्हटलं, “मला चालायचंय. सही करा.”