समुद्रावर गळ टाकायला निघण्यापूर्वी केलेली निरवानिरव

मी, शालिकराम कवडूजी मेश्राम, वय साठ, धर्म बौद्ध, पूर्वी पिंपळझरी हौशी मत्स्यमार मंडळाचा परवाना कारकून, हल्ली सेवानिवृत्त, राहणार पाचपावली, नागपूर, हा कागद स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी कालच नाडी, छाती आणि डोळे तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. अक्षर काही ठिकाणी उडालेले दिसेल. ते आजाराने नव्हे, आनंदाने उडाले आहे. येत्या रविवारी, म्हणजे १३ ऑगस्टला, मी कोल्हापूरच्या गाडीत बसणार. तेथून एस.टी.ने मालवण. आणि नारळी पौर्णिमेला मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणार आणि त्यात गळ टाकणार!

कलम १. हा कागद करण्याची सूचना माझी पत्नी सौ. कौसल्या हिची आहे. मंडळाच्या तलावावरचा नावाडी देवाजी याच्यावर तिचा फार विश्वास.

"तलावात पडले तं देवाजी काढन," ती म्हणाली. "दर्यातून कोन काढते? कागद करून ठेवा, मंग जा."

मी तिला सांगितले की मी खडकावर उभा राहणार आहे, होडीत बसणार नाही. तिने फक्त शाईची दौत पुढे सरकवली.

कलम २. पाचपावलीतील दोन खोल्या आणि मागचे अंगण माझ्या मागे कौसल्याचे. तिच्या हयातीत तिला तेथून कोणी हलवू नये. पुढची खोली आम्ही दीक्षा घेतली त्याच वर्षी बांधली आणि विटा दोघांनी डोक्यावर वाहिल्या, तेव्हा अर्धे घर तसेही तिचेच आहे. तिच्या नंतर सर्व घर आमची एकुलती मुलगी पुष्पलता हिचे. ती काटोलला नर्स आहे.

कलम ३. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते कौसल्याचे. आकडा लिहीत नाही. आकडा दिसला की वाचणारे पुढची कलमे वाचत नाहीत.

कलम ४. माझ्या तीन बांबूच्या काठ्या, गळांचा पत्र्याचा डबा, शिशाची वजने आणि बुचाचे तरंडे पुष्पलताला द्यावेत. ती माझ्यापेक्षा चांगला गळ टाकते. हे मी तिच्यासमोर कधी बोललो नाही, म्हणून येथे लिहितो. मंडळात बाईमाणसाला परवाना मिळत नसे. पण मी नियमावली तीनदा वाचली, तसा नियम तीत कुठेच नव्हता. १९७२ साली मी तिचा अर्ज 'पी. एस. मेश्राम' या नावाने पुढे ठेवला आणि चिटणीस साहेबांनी न वाचता सही केली. हंगाम उघडल्यावर पहिल्याच रविवारी तिने सहा किलोचा कटला मासा काढला, तेव्हा साहेबांनी विचारले, "ही कोण?" मी म्हणालो, "सभासद आहे, साहेब." तो दिवस आठवला की मला अजून हसू येते.

कलम ५. माझा धाकटा भाऊ नत्थू, राहणार खापा, याला माझी लाकडी मोजपट्टी द्यावी, दुसरे काही देऊ नये. तिच्यावर माशामाशाच्या लांबीच्या खुणा आहेत. त्या खुणेपेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडायचा असतो. नत्थूने कन्हानच्या डोहात सुरुंग टाकला होता. बोटाएवढी पिल्ले पोट वर करून तरंगत होती आणि हा टोपल्या भरत होता. मी बोललो तर म्हणाला, "नदी का तुह्या मंडळाची आहे?" आम्ही दोघे त्याच डोहावर बापाजवळ गळ टाकायला शिकलो. त्याने पट्टी भिंतीवर लावावी आणि रोज पाहावी.

कलम ६. हे कलम लिहिताना मी तीन कागद फाडले.

गिरिधर उमाजी धकाते याचे सीताबर्डीला घड्याळदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. १९५३ पासून तो दर रविवारी पिंपळझरीच्या तलावावर गळ टाकायला येई. तो सभासद आणि मी पगारी नोकर. तरी दुपारी आम्ही बांधावर एकाच डब्यातून जेवायचो. मंडळातल्या काहींना ते रुचत नव्हते. गिरिधरने त्यावर कधी भाषण केले नाही. तो डबा उघडायचा आणि दोघांच्या मधे ठेवायचा.

भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची पितळी चाके जमवून त्याने दोन वर्षांत गळाची दोरी गुंडाळायचे एक रीळ घडवले. विलायती रिळे साहेब लोकांकडे होती, पण असे हलके फिरणारे एकही नव्हते.

पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात, म्हणून तलावावर गळ टाकायला बंदी असे. आधी बंदी १५ जुलैला सुरू व्हायची. १९६७ साली मंडळाने ती १ जुलैपासून केली. नियम असा होता की नव्या तारखांचा फलक खांबावर लागला की बंदी लागू. फलक रंगवायला सीताबर्डीच्या पेंटरकडे दिला होता आणि शनिवारी, १ तारखेला, तो आणून ठोकणे माझे काम होते. शनिवारी पगार झाला. मी कौसल्याला घेऊन बाजारात गेलो, तिला पातळ घेतले, दोघांनी आलुबोंडे खाल्ले, आणि फलक पेंटरकडेच राहिला. उद्या पाहू, असे म्हटले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गिरिधरच्या गळाला रोहू लागला. अर्धा तास तो रीळ सोडत आणि गुंडाळत होता. मासा काठाला आला तेव्हा तो पोरासारखा ओरडला, "शालिक, पाह्य गा! रीळ चाललं! रीळ चाललं!" सव्वानऊ किलोचा मासा, पोट अंड्यांनी तट्ट भरलेले. मीही ओरडत होतो. तेवढ्यात बांधाच्या या टोकाला चिटणीस साहेबांची जीप थांबली.

"बंदी सुरू झाली ना? फलक लावला होता की नाही?" साहेबांनी मला विचारले.

खांब तलावाच्या पलीकडच्या टोकाला, फाटकाजवळ होता. साहेबांना तो दिसत नव्हता. राहिला साहेब, चूक झाली, एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणालो, "लावला, साहेब. कालच लावला."

गिरिधर माझ्याकडे पाहत राहिला. मी रजिस्टर उघडले.

"तू मले ओळखत नाही का गा?" तो हळूच म्हणाला.

"ओळखतो," मी म्हणालो, "म्हणून तं नाव इचारलं नाही." आणि लिहू लागलो.

हे उत्तर तेव्हा मला फार चोख वाटले होते. गिरिधरचा परवाना कायमचा रद्द झाला, रीळ जप्त झाले, आणि बंदी मोडणारा म्हणून त्याचे नाव मंडळाच्या भिंतीवर लागले. त्याच संध्याकाळी मी सायकलवर फलक आणून खांबावर ठोकला आणि रजिस्टरात लिहिले, '१ जुलै, सकाळी ७ वाजता'. १९७० साली मला नियमाला चोख राहिल्याबद्दल चांदीचे पदक मिळाले. ते मी घेतले. टाळ्याही वाजल्या.

गिरिधर पुन्हा तलावावर आला नाही. त्याच्या दुकानासमोरून जायचे टाळून मी लांबच्या रस्त्याने घरी जात असे. १९७४ साली दुकान विकून तो मुलीजवळ मालवणला गेला, हेही मला दुसऱ्याकडून कळले.

या वर्षी ३१ मे रोजी मी निवृत्त झालो आणि जून महिन्यात त्याला चार पानी पत्र लिहून सर्व कबूल केले. उत्तराची आशा नव्हती. ११ जुलैला कार्ड आले. ते जसेच्या तसे उतरवतो:

"शालिक, पत्र पोचलं. बोर्ड नव्हता हे मले त्याच दिवशी मालूम होतं. मी सायकल त्याच खांबाले टेकवली होती, वर नुसते खिळे होते. चिटणिसाले सांगितलं असतं तं तुही नोकरी गेली असती. माह्याजवळ दुकान होतं, तुह्याजवळ काय होतं? राग बोर्डाचा नाही. राग याचा आहे का तू अकरा वर्षं आला नाही. आता नारळी पौर्णिमेले ये. गिरिधर."

मी ते कार्ड उभ्याने वाचले, मग बसून वाचले, मग अंगणात जाऊन मोठ्याने वाचले. शेवटी कौसल्याने ते माझ्या हातातून काढून घेतले, कारण माझ्या डोळ्यांचे पाणी शाईवर पडू लागले होते.

कलम ७. गिरिधरचे रीळ मंडळाच्या कपाटातून सही करून मी सोडवून आणले आहे. ते माझी मालमत्ता नाही, म्हणून या कागदाने ते कोणालाही देता येत नाही. ते मी स्वतः पोचवीन, आणि मी वाटेत गेलो तर पुष्पलताने पोचवावे. चांदीचे पदक मंडळाला परत करावे. माझा कबुलीजबाब मी मंडळाला पाठवला आहे. चिटणीस साहेब म्हणाले, "मेश्राम, आता कशाला जुनं उकरता? तुमचंच नाव खराब होईल." होऊ द्यावे. या कागदाचे व्यवस्थापक, माझे शेजारी आणि निवृत्त शिक्षक श्री. बाबाराव डोंगरे, यांनी रजिस्टरातील ती नोंद लाल शाईने दुरुस्त होईपर्यंत आणि गिरिधरचे नाव भिंतीवरून उतरेपर्यंत पाठ सोडू नये. माझे नाव तेथे लावायचे असेल तर माझी हरकत नाही.

कलम ८. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी लिहितो, राहवत नाही. मी गिरिधरला समुद्राविषयी अठरा प्रश्न पाठवले होते. परवाना कोण देतो? त्याने लिहिले, काठीवाल्याले इथं कोनी इचारत नाही. कमीत कमी लांबी किती? तूच ठरव. हंगाम कोणता? पावसाळाभर मच्छीमार होड्या ओढून ठेवतात, पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की लोटतात. खडकावरून टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण लाट अडवते, म्हणून भरतीच्या वेळा पाठ कर. मी केल्या आहेत! पौर्णिमेला उधाण असते, पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढते आणि ओसरू लागले की खडकांच्या खळग्यांतून तांबोशी आणि गोबरा गळाला येतात. तीस वर्षे मी दुसऱ्यांचे परवाने तपासले, आणि आता एवढे मोठे पाणी आणि कारकून कोणी नाही. म्हणून स्वतःपुरते नियम मीच केले आहेत: वीतभर नसलेला मासा परत, अंड्यावरची मादी परत, आणि दिवसाला खाण्यापुरतेच. समुद्रासाठी लांब फेक लागते म्हणून महिनाभर मी मैदानावर शिशाचे वजन बांधून सराव केला. त्यात डोंगरे गुरुजींचा माठ फुटला. नवा माठ दिला आहे, नोंद असावी.

कलम ९. मालवणला माझे काही बरेवाईट झाल्यास प्रेत नागपूरला आणू नये, तेथेच अग्नी द्यावा. त्रिशरण-पंचशील म्हणणारे कोणी मिळाले तर उत्तम. नाही तर गिरिधरने नुसते जवळ उभे राहावे.

कलम १०. (आज वाचनानंतर वाढवलेले.) वरचा मजकूर आज सकाळी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. सगळे ऐकून झाल्यावर कौसल्या म्हणाली, "ह्यात गोपिकाचं नाव कुठं आहे जी?"

गोपिका ही गिरिधरची पत्नी. नऊ कलमांत तिचे नाव एकदाही आले नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

"अवं, हा मालमत्तेचा कागद आहे," मी म्हणालो.

"मालमत्तेचा?" ती म्हणाली. "पुष्पाच्या टायमाले गोपिकानं माहं बाळंतपण केलं. दर मंगळवारी मी तिच्या घरी जावो, नाही तं ते माह्या घरी ये. तुम्ही दोघं बोलेनासे झाले अन् आमचं बी बंद झालं. गोपिका दोन डाव गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राह्यली, मी तुमच्या भेवानं दार नाही उघडलं. बोर्ड तुम्ही नाही लावला. मंग माही मैत्रीण काहून गेली? मले कोनी इचारलं?"

डोंगरे गुरुजींनी पेनला टोपण लावले. तिचा प्रश्न मी येथे शब्दशः उतरवला आहे.

"मी बी येतो," कौसल्या म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

त्यामुळे असे ठरवतो की आम्ही दोघेही परत न आल्यास घर, पुस्तक आणि बाकी सर्व पुष्पलताचे. देवाजी दुसरे तिकीट काढायला आता स्टेशनावर जात आहे. त्याने आधी सही करावी आणि मग जावे.

कौसल्याने सही करण्याचा हट्ट धरला. गुरुजींनी समजावले की जिला वाटा मिळतो तिने साक्षीदार होऊ नये. "साक्षीदार म्हनून कोन करते?" ती म्हणाली. "जानारी म्हनून करतो." तेव्हा तिची सही खाली, वेगळी घेतली आहे.

येथपर्यंत सर्व माझ्या हातचे, वाचून, समजून, आणि पाहिजे तसे.

स्थळ: पाचपावली, नागपूर
दिनांक: ६ ऑगस्ट १९७८, रविवार

(सही) शालिकराम कवडूजी मेश्राम

आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:
१. (सही) बाबाराव तुकाराम डोंगरे, निवृत्त शिक्षक
२. (सही) देवाजी सीताराम नान्हे, नावाडी

साक्षीदार नव्हे:
सगळं आयकलं. मी जाऊन राहिलो. गोपिकाले आधी कळवू नका.
(सही) कौसल्या शालिकराम मेश्राम