दोरीचा खिसा झाला

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता नीट आठवत नाही. कळमनुरीच्या शाळेतला अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, वर्ग मात्र आठवतो. सत्तर सालानंतरची गोष्ट, वर्गात मुली आम्ही दोघीच. तुम्ही फळ्यावर त्रिकोण काढताय आणि मी विचारते, "सर, साइन हा शब्द कुठला?" "काहून पाहिजे तुला? पाठ कर," तुम्ही खेकसलात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतःच बोलावलंत. "काल मला येत नव्हतं म्हणून चिडलो. घरी जुनं पुस्तक हुडकलं. साइनला आपल्याकडं 'ज्या' म्हणायचे, 'जीवा' म्हणायचे. म्हंजे धनुष्याची दोरी. अरबांनी त्याचं जीबा केलं, पण लिहिताना स्वर गाळले. पुढच्यांनी ते जैब वाचलं. मी निजामाच्या काळात उर्दूत शिकलो, तेव्हा आमीपण जैबच म्हणायचो. जैब म्हंजे अंगरख्याचा घोळ, खिसा म्हण. लॅटिनवाल्यांनी त्या घोळाला सायनस म्हटलं, इंग्रजांनी साइन. दोरीचा खिसा झाला बघ!" मी इतकी हसले की शिपाई डोकावून गेला. एका शब्दामागे एवढा मुलूख असतो हे मला तेव्हा कळलं, आणि गणितच शिकायचं असं मी ठरवून टाकलं.

परीक्षेआधीच माझं लग्न ठरलं. तुम्ही घरी आलात. मी स्वयंपाकघरात, मायनं माझं मनगट घट्ट धरलेलं. "पोरीला नांदेडला कॉलेजात घाला," तुम्ही म्हणालात. "तुमचं बराबर हाय सर," बाबा म्हणाले, "पण पाहुण्यांना शब्द दिला." "तिला इचारलं का?" बाबांनी चहाचा कप तुमच्यापुढं सरकवला. मग तुम्ही मोठ्यानं विचारलंत, "पोरी, शिकायचं का तुला?" मी तोंड उघडायच्या आत माय बोलली, "ती न्हाई म्हणून राहिली, सर." तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. तुमच्या वहाणांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

लग्न होऊन गोरेगावला, मुंबईच्या नव्हे, आमच्याच भागातल्या, दुकानामागच्या घरात आले. नवरा वाईट नव्हता. पण चुलीपुढं खिडकी नव्हती, आणि दुकानात बायकांनी यायचं नाही अशी रीत. कळमनुरीला जाणारी जीप रोज दारावरून जायची. वर्षातून एकदा, कुणी सोबत असेल तरच, मी तिच्यात बसायची. तुम्ही गेल्याचं नवऱ्यानं जेवताना सांगितलं. मी त्याला भाकरी वाढली.

लोक म्हणतात, गेलेल्यांवर राग धरू नये. माझा मायवरचा केव्हाच गेला, बाबांवरचाही गेला. तुमच्यावरचा नाही गेला, सर. तुम्ही अजून एकदा विचारायला पाहिजे होतं.