परत लावा

विक्रोळी

सुयोगदादा,

सर्वेशचं स्थळ आलं तेव्हा तू गावी जाऊन देवीला कौल लावलास आणि फोनवर ओरडलास, "प्रांजल, उजवी कळी पडली गं! देवीचा होकार आहे." काल देवळातले गुरवकाका इथे मार्केटात भेटले. म्हणाले, आधी दोनदा डावी पडली होती. देवी नाही म्हणत होती, तूच म्हणालास, "काका, परत लावा."

वा रे भक्त! देवी काय तुझी नोकर आहे, तुला हवं ते बोलेपर्यंत विचारायला?

लग्नाआधी पाणी उशिरा आणलं म्हणून सर्वेशने हॉटेलात वेटरची कॉलर धरली, तेव्हाच मला हा माणूस नको वाटला होता. तुला सांगितलं, तर म्हणालास, "देवीपेक्षा तू शहाणी का?" पुढे तोच हात माझ्यावर उठला. आज कळतंय, देवी आणि मी एकच सांगत होतो.

आता मी मैत्रिणीकडे, निधीकडे राहतेय. मी परत नांदायला जावं का, याचा कौल तू लावणार आहेस म्हणे. हे पत्र पाठवत नाही, नाहीतर ते वाचू की नको हेही तू देवीलाच विचारशील.

माझं विचारू नकोस, माझं ठरलंय. तुझं विचार. बहीण बॅग घेऊन आली, तर दार उघडू का? आणि पहिली कळी पडली की ऊठ.

देवीने दोनदा सावध केलेली,
प्रांजल